म्हणे, अल्पशा आजाराने

दत्त्या, तुझा फ्लेक्स लागला.

पुंडलिकनगरच्या चौकात, आपल्या गल्लीच्या तोंडाशी, विजेच्या दोन खांबांना सुतळीनं ताणून बांधलेला. घराच्या दारापेक्षा मोठा आहे. त्यात तू कोट घातलायस. टायसुद्धा आहे. फ्लेक्सवाल्याच्या कॉम्प्युटरमध्ये एक तयार कोट असतो, तोच तो सगळ्या मेलेल्या पुरुषांना चढवतो. डोकं तेवढं तुझं, दहावीच्या फोटोतलं, मिसरूड फुटायच्या आधीचं. तोंडाला इतकी सफेदी मारलीय की आईसुद्धा आधी कुणा दुसऱ्याचा समजून पुढं गेली. मागं ढग, ढगांत कबुतरं. खाली अण्णाकाकांचा हात जोडलेला फोटो, तुझ्याहून थोडासाच लहान, कारण पुढं निवडणूक आहे आणि काका कधीपासून 'भावी' आहेत. मधोमध ठळक अक्षरांत लिहिलंय: 'आमचा लाडका दत्ता याचे अल्पशा आजाराने दुःखद निधन.'

अल्पशा!

मी चौकात उभी राहून मोठ्यानं हसले. पानटपरीवाल्यानं मान बाहेर काढून पाहिलं. त्याला वाटलं असेल, भाऊ गेल्यानं बाई बिघडली. बिघडलेच आहे. मला तुझा राग आलाय, नानांचा आलाय, अण्णाकाकांचा आलाय आणि त्या 'शोकाकुल मित्रपरिवारा'चा तर फारच आलाय. तू शहागंजात फुटपाथवर राहत होतास तेव्हा त्यातल्या एकानं तुला चहा विचारला नव्हता. मेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. पण तुझं-माझं भांडण तू अर्ध्यात टाकून गेलास, ते मी कुणाशी पुरं करू?

जिवंत होतास तोवर तुला आजारी म्हणणारी मी एकटी. बाकीचे म्हणायचे माजलाय. आळशी आहे, नाटकं करतो, बापाच्या जिवावर बसून खातो. मेल्यावर मात्र घाईघाईनं आजार बहाल केला, तोही अल्पसा. दोन दिवस ताप आला आणि चट्कन गेला, असं वाचणाऱ्याला वाटावं.

तुला आठवत नसेल, म्हणून सांगते. तू माझ्या पडेगावच्या घरून निघाला होतास. भाचीला खेळवायला आला होतास. हेल्मेट हँडलला अडकवलेलं. डोक्यात घाल म्हटलं तर म्हणालास, "केस बसत्यात आक्के." दौलताबाद रोडला खडीवरून गाडी घसरली आणि तू डोक्यावर आपटलास. बरेच दिवस शुद्ध नव्हती. मग डोळे उघडलेस, टाके निघाले, केस परत आले आणि नानांनी गल्लीत पेढे वाटले. डॉक्टर म्हणाले होते की डोक्याला आतून मार बसलाय, फिट येऊ नये म्हणून गोळ्या चालू ठेवा, विसरायला होईल, चिडचिड होईल, सांभाळून घ्या. नानांना त्यातलं 'घरी न्या' एवढंच ऐकू आलं. जखम दिसत नाही म्हणजे जखम नाही, अशी आपल्या घरची रीत.

पण ती होतीच. दूध आणायला गाडीवर जायचास आणि पिशवी घेऊन पायी परत यायचास, गाडी डेअरीपाशी. दोन कामं एकदम सांगितली की दोन्ही हातची जायची. आयटीआयचा फिटर तू, पाना हातात घेतल्याबरोबर नंबर सांगणारा. कंपनीत मशीनपुढं उभा राहून पुढं काय करायचं ते आठवत राहायचास. साहेबांनी आधी दम दिला, मग काढून टाकलं. आणि तो राग! लहानपणी कोंबडी कापताना तुला बघवायचं नाही, आणि त्या तू आईच्या अंगावर ताट भिरकावलंस. थोड्या वेळानं तिलाच विचारलंस, "आई, तू काहून रडू लागलीस?" तुला खरंच माहीत नव्हतं. आईनं पदरानं डोळे पुसले आणि कांदा चिरला म्हणाली.

आईची गाठीची सवय तर तुला ठाऊकच आहे. एखादं काम विसरू नये म्हणून ती पदराच्या टोकाला गाठ मारते आणि काम झालं की सोडते. अपघातानंतर तिनं तुलाही तेच शिकवलं. शर्टाच्या टोकाला गाठ, बाहीला गाठ. गाठ आहे हे तुला दिसायचं, ती कशाची मारली ते काही केल्या आठवायचं नाही. मग दिवसभर ज्याच्या त्याच्यापुढं बाही धरायचास, "ही कशाची हाय?" नाना पेपरातून मान वर न काढता म्हणायचे, "तुझ्या अकलेची." आम्ही हसायचो. तूसुद्धा हसायचास.

आणि मग ते पाणी.

या शहरात नळ कोणत्या दिवशी येणार हे ज्याला कळत नाही त्याला घरात किंमत नसते. पाण्याच्या दिवशी कुणी लग्नाला जात नाही, कुणी आजारी पडत नाही. त्या दिवशी नानांनी तुला सांगितलं, "मोटर लाव, टाकी भरली की बंद कर, मग पिंपं भर." आई शेजारी बारशाला गेली होती. तू मोटर लावलीस, विसरू नये म्हणून बाहीला गाठ मारलीस आणि पायरीवर बसून त्या गाठीकडं बघत राहिलास. टाकी भरली. पाणी गच्चीवरून भिंतीवर आलं, भिंतीवरून गल्लीत आणि गल्लीतून पार चौकातल्या गटारापर्यंत गेलं. बायका हंडे टाकून बघायला आल्या. रक्त सांडलं असतं तर नाना एवढे चिडले नसते. सगळ्या गल्लीसमोर त्यांनी तुझ्या तोंडात मारली आणि म्हणाले, "माज आलाय तुला. चालता हो!"

एका वेळी एकच सांगितलं तर तुला जमायचं. तेवढं काम तू चोख केलंस.

त्या संध्याकाळी मी पडेगावहून धावत आले आणि नानांना म्हटलं, "त्याच्या ध्यानात राहत नाय, नाना. आजार हाय तो." नाना म्हणाले, "जेवायचं बरं ध्यानात राहतं!" अण्णाकाका म्हणाले की दोन दिवस उपाशी राहिला की येईल शेपूट घालून. ते दोन दिवस अजून संपले नाहीत.

तू सापडलास तो माझ्या अस्तराच्या कापडामुळं. ब्लाऊजचं अस्तर, हुक, लेस, शिवणकामाचं सगळं मी शहागंजातून आणते. घड्याळाच्या मनोऱ्याच्या बाजूला एका गल्लीत भंगाराच्या ढिगावर बसून तू पत्रा वेगळा, तांबं वेगळं करत होतास. मला बघून उठलास आणि पहिली गोष्ट काय केलीस, तर माझ्या डाव्या बाजूला आलास, कारण डाव्या बाजूला कुत्री झोपली होती. लहानपणी मला कुत्रं चावलं होतं. गाडी कुठं लावली ते तुला आठवायचं नाही, आज कोणता वार ते आठवायचं नाही, सकाळी काय खाल्लं ते आठवायचं नाही. पण शहागंजात मी तुझ्यासोबत जितक्या वेळा चालले तितक्या वेळा कुत्र्यांच्या बाजूनं तू होतास. याबद्दल तुला मी कधी काही म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं असं आता वाटतं, पण तेव्हा मी शिव्या देण्यात गुंतलेली असायची.

तिथंच मुन्ना भेटला. तुझ्याच वयाचा. कुठला, कुणाचा, त्याला स्वतःलाच नीट सांगता येत नाही. लहानपणापासून रस्त्यावर, पंक्चरचं सोल्युशन हुंगून हुंगून त्याच्याही डोक्याची चाळण झालेली. तुम्हा दोघांचं मिळून एक डोकं चालायचं. तू त्याच्या चपला सांभाळायचास, तो तुझ्या गोळ्या. तुला फिट आली की तो तुला कुशीवर वळवायचा आणि कांदा घेऊन धावत येणाऱ्यांना हाकलायचा. तुमचं छप्पर म्हणजे एक जुना फ्लेक्स. कुणा भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा होता. पाऊस लागला की तो नगरसेवक तुमच्या अंगावर हात जोडून पडलेला असायचा. तू म्हणायचास, "बघ आक्के, निवडून यायच्या आधीच कामाला आला."

तुला मी घरी नेलं. तुझ्या दाजींनी एका शब्दानं आडवं घेतलं नाही, हे लक्षात ठेव. पण तू चहा करायला गेलास आणि गॅस सुरू ठेवून, न पेटवता, बाहेर येऊन बसलास. पोरगी आत झोपली होती. वास आल्यावर दाजींनी खिडक्या उघडल्या आणि काही झालंच नाही असं दाखवलं. तुला मात्र कळलं. सकाळी चपला घालून दारात उभा होतास. "पोरगी ल्हान हाय. मी हितं नको." मी ओरडले, भांडले, दार अडवून उभी राहिले. हे बरं तुझ्या ध्यानात राहिलं! नेमकं हेच कसं विसरला नाहीस?

आता आपलं भांडण. ते दर वेळी त्याच चहाच्या गाड्यावर, त्याच शब्दांत व्हायचं.

"मेंदूच्या डॉक्टरकडं चल."

"मी काय येडा हाय का?"

"येडा नाहीस. आजारी आहेस."

"आजारी म्हनू नको लोकात. भंगाराचा सेठ आजारी मानसाला मालाला हात लावू देत नाय. इसरभोळा म्हन."

"इसरभोळ्याला फिट येत नाय, दत्त्या."

"फिट आल्ती? कवा? मला तर कायी आठवत नाय." आणि मग हसायचास. पुढचा एक दात फिटमध्येच तुटला होता, तो दाखवत हसायचास. मला एक थोबाडीत द्यावीशी वाटायची. मग तू भट्टीवरचा गरम नान आणायचास, मधोमध फाडायचास आणि मोठा तुकडा माझ्याकडं सरकवायचास. मी तो रागारागानं खायची. तू आणि नाना एकाच माळेचे मणी. आजार म्हटला की दोघांच्याही अंगावर पाल पडायची. खरं सांगू? तुलासुद्धा ती फ्लेक्सवरची ओळ आवडली असती. म्हणाला असतास, "अल्पसा म्हनलेत ना, मग ठीक हाय."

तुमच्या नशिबी दानशूर लई होते. वाढदिवस यांचा, पुण्यतिथी त्यांची, खिचडीचं पातेलं घेऊन यायचे. वाटणारे दहा, फोटो काढणारे वीस. एका बाईंनी तुला द्रोण देऊन परत मागून घेतला, कारण फोटोत तुझे डोळे मिटले होते. खिचडीनं पोट भरायचं, हे मी नाकारत नाही. पण एकानंही तुझ्या तुटक्या दाताकडं बघून विचारलं नाही की हा कशानं तुटला. महापालिकेच्या रात्र निवाऱ्यात तुला मी स्वतः नेऊन सोडलं. तिथं आधार कार्ड लागायचं. ते मी काढून दिलं, तू हरवलंस. पुन्हा दिलं, पुन्हा हरवलंस. तिसऱ्यांदा कार्ड सापडलं तर तू तिथल्या माणसाच्या अंगावर धावून गेलास, कारण त्यानं तुझी जागा बदलली. भांडखोर माणसाला ठेवत नाही म्हणाले. भांडखोर नाही हो, आजारी आहे, असं मी तिथंही सांगितलं. ऐकणाऱ्यानं मला पाणी दिलं आणि दार लावून घेतलं.

मग पायात पत्रा घुसला. मी तुला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. जखम धुतली, पट्टी बांधली, सिस्टर चांगल्या होत्या. त्या म्हणाल्या, "दिवसाआड ड्रेसिंगला यायचं. पायाला पाणी लागू द्यायचं नाही." सांगण्यात काही चूक नव्हती. सगळ्यांना तेच सांगतात. पण दिवसाआड, दत्त्या! तुला आज कळत नव्हतं, तर आजच्या आड कुठला दिवस येतो ते कसं कळणार? मी चहावाल्याला सांगितलं, मुन्नाला सांगितलं, तुझ्या बाहीला गाठ मारली. जमेल तेव्हा मी आले. कधी तू सापडलास, कधी नाही. एकदा तू आपणहून दवाखान्यात गेलास आणि सबंध सकाळ डोळ्यांच्या रांगेत बसलास. नंबर आल्यावर डॉक्टरांनी डोळे तपासले, चांगले आहेत म्हणाले आणि तू खूश होऊन परत आलास. मला सांगताना म्हणालास, "डॉक्टर म्हनले, एकदम फस्क्लास." पट्टी काळी झाली होती.

पुढं ऊन चढलं. पाय सुजला, अंगात ताप आला, तापात फिट आल्या. चहावाल्याचा फोन आला तेव्हा मी मशीनवर होते. मुन्नानं तुला रिक्षात घातलं होतं. मी दवाखान्यात पोचले तेव्हा चादर तोंडावर ओढलेली होती. तुझा शर्ट त्यांनी मला पिशवीत घालून दिला. त्याला गाठीच गाठी होत्या. मी आयुष्यभर दोऱ्याच्या गुंत्यात काम केलेली बाई, पण त्यातली एक गाठ मला सोडवता आली नाही. शर्ट तसाच घडी करून कपाटात ठेवलाय. मला तू हवा आहेस. भांडायला का होईना, हवा आहेस.

परवा तुझं तेरावं झालं. मांडव, पंगत, बुंदी, सगळं यथासांग. ज्यांनी तुला दारात उभं केलं नसतं ते मागून मागून वरण घेत होते. मी अण्णाकाकांना गाठलं.

"काका, फ्लेक्सवरची ती ओळ काढा."

"कोनती?"

"अल्पशा आजाराने."

"अगं मंगल, असंच लिवतात. मग काय लिवायचं, फुटपाथवर मेला म्हनून?"

"व्हय. तेच लिवा. डोक्याला मार लागला व्हता, आम्ही त्याला घराबाहेर काढला, आन् तो फुटपाथवर मेला."

"हळू बोल. पाव्हनेरावळे जेवू लागलेत. तुझ्या चुलतबहिणीचं बघायचं चाललंय. घरात डोक्याचा आजार हाय म्हनल्यावर कोन येईल दारात?"

"म्हणजे आजार होता हे तुम्हाला ठाऊक होतं."

काकांनी वाढप्याला हाक मारून माझ्या पानात बुंदी घालायला सांगितली.

मी उठले. माझ्या पिशवीत कातर कायम असते. मांडववाल्याची शिडी ओढत चौकात नेली आणि खांबाला लावली. काकांच्या मंडळाची पोरं मागं आली. "ओ ताई, काय करू राह्यल्या? साहेबांचा फोटो हाय त्याच्यात." त्यांच्यामागं काका, काकांच्या मागं निम्मी पंगत, उष्ट्या हातांनी. एकानं शिडी धरून हलवली. मी वरून सांगितलं की पडले तर माझाही लावा, कोट नको, साडीतला लावा. आता भांडण हातघाईवर येणार होतं.

तेवढ्यात गल्लीतून कुणीतरी ओरडलं, "नळ आले! ए, नळ आले!"

दत्त्या, तू असायला हवा होतास. एका क्षणात चौक मोकळा. पंगत पळाली, मंडळाची पोरं पळाली, शिडी हलवणारा पळाला. अण्णाकाका धोतर आवरत पळाले, त्यांचं घर लायनीच्या शेवटी आहे, उशीर झाला की त्यांच्या नळाला नुसती हवा येते. घराघरांत मोटरी सुरू झाल्याचा आवाज येऊ लागला. मी एकटीच शिडीवर, हातात कातर.

खाली बघितलं तर शिडी धरून नाना उभे होते.

नाना पाण्याच्या वेळेला आपल्या बापाच्या मयतीतून उठून आले होते, हे आपण लहानपणापासून ऐकलंय. परवा ते जागचे हलले नाहीत. आपल्या घरची मोटर सुरू झाली नव्हती. मी एका बाजूची सुतळी कापली. तुझा कोट खाली लोंबला.

"त्याच्या खरंच ध्यानात राहत नव्हतं का गं?" नाना खालूनच बोलले.

"नव्हतं."

"मला वाटायचं, मुद्दाम करू लागलंय."

"मी सांगितलं होतं, नाना. त्याच दिवशी."

त्यांनी मान हलवली. मी शिडी सरकवून दुसरी बाजू कापली. फ्लेक्स त्यांच्या अंगावर पडला, तो त्यांनी हातांनी गोळा केला आणि माझी वाट बघत उभे राहिले. मी त्यांना माफ केलेलं नाही. करीन असंही वाटत नाही. पण शिडी त्यांनी घट्ट धरली होती, आणि त्या दिवशी आपल्या घरात पाणी भरलं गेलं नाही, एवढं तुला सांगून ठेवते.

काल सकाळी तो फ्लेक्स घेऊन मी शहागंजात गेले. मुन्ना तुमच्या जागेवरच होता. भावी नगरसेवक आता पार फाटलेत, त्यांच्या कपाळातून ऊन येतं. मला बघून तो उठला.

"दत्ताभाई किधर है दीदी? ड्रेसिंगकू गया?"

ज्यानं तुला उचलून रिक्षात घातलं, तोच विचारत होता. मी सांगितलं, "मुन्ना, दत्ता गेला. मेला तो." तो खाली बसला. म्हणाला, "हौ. रिक्षामें बोलताच नै था." मग त्यानं डोळे पुसले आणि माझ्या हातातल्या गुंडाळीकडं बघितलं. मी ती उघडून पसरली. कोट, टाय, पांढराफेक चेहरा, कबुतरं. मुन्नानं वाकून नीट न्याहाळलं.

"ये साहब कौन है?"

तुझ्या शेजारी इतकी वर्षं झोपलेला माणूस, दत्त्या. मला रडू फुटलं आणि त्याच वेळी सगळ्या घरादाराला शिव्या घालाव्याशा वाटल्या. मी म्हटलं, "कुणी नाही. घे, पांघर." त्यानं चिमटीत धरून जाडी बघितली. "अच्छा है. टपकेगा नै."

तेव्हा मला त्याचा हात दिसला. तळव्याला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळलेली, आत पत्र्यानं कापलेलं, वास येत होता. हा वास आता मी कुठंही ओळखते. आणि त्याच हाताच्या बाहीला, कोपराच्या वर, एक गाठ होती. आईसारखी, दोन पदर आत घेऊन मारलेली.

"ही कुणी मारली?"

"दत्ताभाईने."

"कशाची?"

मुन्नानं बाही माझ्यापुढं धरली, अगदी तू धरायचास तशी. "याद नै दीदी. भाईकू पूछनेका था."

कशाची होती ते मलाही ठाऊक नाही. चहाची असेल, चपलांची असेल, नाहीतर कशाचीच नसेल. पण मी ठोकून दिलं. "मला माहितीय. दवाखान्याची आहे. चल."

"भाईने बोला था?"

"व्हय. चल म्हणते ना!"

तो निघाला. रस्त्यात कुत्री होती, त्यांच्या बाजूनं मीच चालले. दवाखान्यात सिस्टर त्याच होत्या. त्यांनी पिशवी सोडली, नाक मुरडलं नाही आणि विचारलं, काय होतंय याला. मुन्ना माझ्याआधी बोलला, "कुछ नै, थोडा कटा." मी म्हटलं, "आजारी आहे. ध्यानात राहत नाही त्याच्या. कित्येक वर्षांचा आजार आहे." मुन्ना माझ्या कानाशी लागला, "बीमार नक्को बोलो दीदी, सेठ काम नै देता." तुझेच शब्द, सूरसुद्धा तुझाच. मी आवाज चढवून पुन्हा म्हटलं, आजारी आहे. मागची रांग ऐकत होती, ऐकू दे. सिस्टरनी मुन्नाच्या तोंडाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. पट्टी बांधून झाल्यावर म्हणाल्या, दिवसाआड यायचं.

मुन्नानं माझ्याकडं बघितलं. काम झालं होतं, म्हणून मी त्याच्या बाहीची तुझी गाठ सोडली. परवा यायचं होतं, म्हणून तिथंच माझी मारली.